बाभूळबनाची चतुःसीमा

रज्जाकभाई दस्तलेखकांनी एकतीस वर्षांत हजारो जमिनींच्या चतुःसीमा लिहिल्या होत्या आणि त्यांतली एकही जमीन डोळ्यांनी पाहिली नव्हती. याची त्यांना लाज नव्हती, उलट अभिमानच होता. राहुरीला कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांचं टेबल होतं. टेबलावर शाईची दौत, टाचण्यांची डबी आणि कागद उडू नयेत म्हणून नदीतला एक गुळगुळीत गोटा. रान न बघता त्याच्या चार बाजू कशा लिहिता, असं कुणी विचारलंच तर ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "काझी काय निकाह लावायच्या आधी नवरी बघतो का?"

त्यांची रीत ठरलेली होती. भल्याभल्या शेतकऱ्याला टेबलासमोर बसवून पूर्व-पश्चिम विचारली की तो गडबडतो, हे त्यांच्या उस्तादांनी फार पूर्वी ओळखलं होतं. म्हणून विकणाऱ्याला बाकावरून उठवायचं, कचेरीच्या फाटकाकडे तोंड करून उभं करायचं. फाटक बरोबर पूर्वेला. मग म्हणायचं, "डोळे मिट. आता तू तुझ्या रानात उभा आहेस, असाच, याच तोंडानं. म्होरं काय?" डोळे मिटलेला माणूस चुकत नाही, आपलं रान कसं पसरलंय हे त्याच्या पायांना ठाऊक असतं. तो म्हणायचा, म्होरं सखाहरीची विहीर. भाई लिहायचे, पूर्वेस सखाहरी यांची विहीर. मग पाठीमागं काय, उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय. चार प्रश्नांत काम आटोपायचं आणि भाई पुढच्या माणसाला उठवायचे.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात, एका शुक्रवारी, त्यांच्या बाकावर दोन माणसं येऊन बसली. एक पुंजाराम, देवळाली प्रवरेच्या पलीकडच्या करजवाडीचा शेतकरी, हा विकणारा. दुसरा भीमराज पगारे, त्याच गावच्या बौद्धवाड्यातला, हा घेणारा. भीमराजने तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केली होती. ज्याची पाळी असेल त्याच्या रानाला पाणी सोडायचं आणि वेळ संपली की दार पाडायचं, हे पाटकऱ्याचं काम. गेल्या वर्षी तो रिटायर झाला होता, पण खाकी सदरा काही त्याच्या अंगावरून उतरला नव्हता.

"क्षेत्र किती?" भाईंनी विचारलं.

"तीन एकर. चिबड हाय," पुंजाराम म्हणाला.

चिबड म्हणजे पाणी मुरून मुरून वाया गेलेली जमीन. ढोपरभर चिखल, त्यात बाभळी आणि लव्हाळा; नांगर घालायला जावं तर बैलासकट खाली. चिबड विकायला निघालेले लोक भाईंनी पुष्कळ पाहिले होते. घेणारा पहिल्यांदाच पाहत होते.

"काय लावणार तिथं?"

"काय न्हाई," भीमराज म्हणाला.

"मग मासे पाळणार?"

"न्हाई."

"चर खोदून पाणी काढून देणार असाल."

"छ्या! पानी काडलं तर मंग ऱ्हायलं काय? हाय तसं ठिवायचं. आन् एक कलम घाला, रज्जाकभाई. तिथं यून बसलेल्या मानसाला कुनी उठवायचं न्हाई. मी न्हाई, माझ्या मागं माझी लेक सीमा न्हाई, तिची पोरं न्हाईत. गावचं असू द्या, परगावचं असू द्या. सावलीला बसला, बसू द्यायचा. पाखरं बगतोय, बगू द्यायची."

भाई खुर्चीत मागे रेलले. "भीमराज, मालकी म्हणजे काय ठाऊक आहे? दुसऱ्याला 'चल, ऊठ' म्हणायचा हक्क. त्याच्यासाठीच लोक स्टॅम्प घेतात. तो हक्कच सोडायचा तर खरेदी कशाला करता? फुकटच बसा की जाऊन."

"फुकट बसलो तर छगन उठवील."

छगन कोण, ते पुंजारामने सांगितलं. छगन लाकडाचा ठेकेदार होता. वीटभट्ट्यांना बाभळी पुरवायचा. त्याने बनातली झाडं बघून प्रत्येक बुंध्यावर गेरूचा पट्टासुद्धा ओढून ठेवला होता. पुंजारामने त्याला गुरुवारचा वायदा दिला होता. "बुधवारपातूर खरेदी झाली तर जमीन पाटकऱ्याची. न्हाई झाली तर गुरवारी कुऱ्हाडी," तो म्हणाला. "मला दोन्ही सारखंच."

खरेदीखत बुधवारी करायचं ठरलं. पुंजारामने पिशवीतून जुना दस्त काढून दिला. चौऱ्याहत्तर सालचं वाटणीपत्र. एका जमिनीचे दोन तुकडे, एक पुंजारामला, एक त्याचा धाकटा भाऊ गोरक्ष याला. अक्षर बघून भाई खूश झाले, कारण ते त्यांचंच होतं. म्हणजे आता कुणाला उठवून उभं करायचीही गरज नव्हती. जुन्या दस्तावरून चतुःसीमा उतरवून घ्यायच्या, हा धंद्याचा शिरस्ता.

काम सोपं होतं. पण ते कलम भाईंच्या डोक्यातून जाईना. जुम्म्याची नमाज आटोपून घरी येताना त्यांनी ते मनातल्या मनात चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. एवढा जुना दस्तलेखक, पण 'उठवू नये' हे शब्द त्याने कधी लिहिले नव्हते. हा माणूस वेडा म्हणावा तर बोलणं सरळ. पुण्य लागावं म्हणून करतो म्हणावं तर देवळाचं नाव नाही, विहाराचं नाव नाही. मग याला हवंय तरी काय? शनिवारी भीमराज स्टॅम्पाच्या कामाला आला तेव्हा भाईंनी त्याला सरळच विचारलं.

"सांगून कळनार न्हाई. या की एकदा," भीमराज म्हणाला. "बगा आन् मंग लिवा."

आणि एकतीस वर्षांचा नेम मोडून रज्जाकभाई रविवारी सकाळी देवळालीच्या एसटीत बसले. निघताना सवयीने पिशवीत कागद घेतले, त्यात ते वाटणीपत्रही आलं.

देवळालीपासून पुढे भीमराजच्या सायकलच्या कॅरियरवर. दोन्ही बाजूंना ऊस, मधून चाकोरी. भाई एका हाताने टोपी सांभाळत होते, दुसऱ्याने पिशवी. मग ऊस संपला आणि हवा एकदम गार लागली. भीमराजने सायकल बांधाला टेकवली. "चपला काडा," तो म्हणाला.

बाभळी पाण्यात उभ्या होत्या. जुन्या, काळ्या, वाकड्यातिकड्या. फांद्यांवरून सुगरणींची घरटी पाण्यावर लोंबत होती. मधे मधे करंज, दोन जांभळी, आणि कडेने माणसाच्या उंचीचं पाणकणीस. बगळे तर भाईंनी कालव्यावर रोज पाहिले होते, पण इथे एक पांढराच पण भलताच पक्षी होता. त्याची चोच पुढे चपटी होती आणि ती पाण्यात घालून तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ढवळत चालला होता.

"हे काय?"

"आमी चमच्या म्हंतो. थंडीत येत्यात."

"कुठून?"

"ते त्येंनी कधी सांगितलं न्हाई."

भाई खुदकन हसले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली ती थांबेनात. ही जांभळ कुणी लावली? कुणी नाही, पाखरांनी बी आणली. पाणी उन्हाळ्यात आटतं का? कडेला आटतं, मधे राहतं. हे आधीपासून असंच होतं का? नव्हतं. ओढ्याकाठी चार बाभळी होत्या, बाकी पुंजारामची बाजरी. मग गोरक्षने शेजारच्या तुकड्यात ऊस लावला, उसाला भरमसाट पाणी दिलं, ते पाणी उतारानं इकडे मुरलं आणि पुंजारामचं रान बुडालं. त्यावरून दोघा भावांचं जे वाजलं ते वाजलं; अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

"आन् गोरक्षला पानी कोन सोडायचं? मीच," भीमराज म्हणाला. "पैल्यांदा लई वाईट वाटायचं. चांगलं रान माझ्या हातानं गेलं म्हनून रोज बगाया यायचो. मंग एक दिस हे चमचे आले. तवापासनं वाईट वाटायचं बंद झालं आन् येनं तेवढं ऱ्हायलं."

दोघं एका आडव्या पडलेल्या खोडावर बसले. भाईंनी आता मुद्द्याला हात घातला. "आणि ते उठवायचं कलम?"

भीमराज सांगू लागला.

"मी दोन वर्सं बंगल्यावर हुतो. कालव्याचा बंगला, साहेब लोक उतरायचे. म्होरं बाग, हौद, चिंचंची मोठाली झाडं. फाटकावर पाटी, परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे. दर दिवाळीला ती पाटी मीच रंगवायचो. एकदा चैतात माझी आई भाकरी घिऊन आली. आक्काबाई तिचं नाव. मी पाटावर गेल्तो, म्हनून चिंचंखाली टेकली. मी आलो आन् तेवढ्यात साहेबाची जीप आली. साहेब वाईट न्हवता, रज्जाकभाई. त्यो एवढंच म्हनला, कोन बसलंय तिकडं, उठव. मी गेलो आन् उठवलं."

"आईला?"

"आईला. जातीवरनं उठवलं असतं तर भांडलो असतो; भांडायचं आमाला ठावं हाय. पर तसं न्हवतं. पाटी हुती, साहेब हुता, मी नोकर हुतो. कुनाशी भांडनार? ती म्हनली, तुजी नोकरी हाय बाबा. फडकं माझ्या हातात दिलं आन् तशीच उनातनं गेली. ती भाकरी माझ्या नरड्याखाली उतरंना. पाटात सोडली."

  हात मोकळे राहू नयेत म्हणून भाई उठले, टोपी सारखी केली, आणि ज्या रीतीने हजारो माणसांना उभं केलं होतं त्याच रीतीने पहिल्यांदाच स्वतः उभे राहिले. साडेनऊचं ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. सूर्याकडे तोंड. म्होरं काय? गोरक्षचा ऊस. पाठीमागं काय? त्यांनी वळून पाहिलं. ओढा.

त्यांनी पिशवीतून वाटणीपत्र काढलं. त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पुंजाराम यांस पूर्वेकडील निम्मा हिस्सा, त्याच्या पूर्वेस ओढा.

"भीमराज, हा ओढा मधे कधी वळवला होता का?"

"ओढा कोन वळवील? माझ्या आज्यापासनं हितंच हाय."

भाईंनी पुन्हा सूर्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. सूर्याची चूक असणं शक्य नव्हतं. आणि मग त्यांना चौऱ्याहत्तरचा तो श्रावण आठवला. नऊ दिवस झड लागली होती. कडुलिंबाखाली बसणं अशक्य, म्हणून टेबल कचेरीच्या मागच्या ओसरीत नेलं होतं. ऊन नऊ दिवस दिसलंच नाही. आणि समोर दार दिसतंय म्हटल्यावर ते सवयीने म्हणत गेले होते, दाराकडे तोंड कर. मागच्या ओसरीचं दार पश्चिमेला होतं. पुंजाराम बिचारा बरोबरच बोलला होता, त्याच्या म्होरं ओढाच होता. पूर्व चुकली होती ती भाईंची.

 तलाठ्याच्या दप्तरी याच कागदावरून नोंद झालेली. ओढा खरा धरला तर हे पाणी पुंजारामचं. दिशा खरी धरली तर गोरक्षचं. बुधवारी हीच चतुःसीमा उतरवली तर भीमराजच्या नावावर कागदोपत्री गोरक्षचा ऊस येणार होता, आणि उद्या गोरक्षच्या पोरांनी छगनला घेऊन हे बन तोडलं तर कुठलं कलम त्यांना अडवणार? भीमराजच्या हाती उरणार ते एवढंच, की गोरक्षच्या उसात कुणी येऊन बसलं तर त्याला उठवायचं नाही.

"काय झालं?" भीमराजने विचारलं.

"काही नाही. हवा छान आहे तुमच्याकडे," भाई म्हणाले.

आपण धडधडीत खोटं बोललो, हे त्यांना एसटीत बसल्यावर टोचायला लागलं. पण दुसरं मन म्हणत होतं, बावीस वर्षं कुणाला कळलं नाही, पुढची बावीस तरी कशाला कळेल? कडुलिंबाखालचे बाकीचे दस्तलेखक हसून हसून लोळतील. आणि ते परवडलं, पण त्या नऊ दिवसांत ओसरीत बसून आणखी किती दस्त लिहिले? ते सगळे लोक कागद नाचवत आले तर?

संध्याकाळी त्यांची बायको मेहताब मटार सोलत बसली होती. भाईंनी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता सांगून तरी काय उपयोग?"

तिने शेंगेतले दाणे ताटलीत टाकले. "लिखे सो तुमीच. तो बोलना बी तुमकोच," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना फार सल्ले दिले नव्हते. म्हणून हा चुकवणं अवघड होतं.

सोमवारी कडुलिंबाखालचं टेबल रिकामं राहिलं. भाई करजवाडीला गेले, भीमराजला सगळं सांगितलं आणि शिव्या खायला मान खाली घालून उभे राहिले. भीमराजने शिव्या दिल्या नाहीत. तो एवढंच म्हणाला, "बुदवारच्या आत नीट व्हईल का?" होईल, भाई म्हणाले, पण चूकदुरुस्तीच्या लेखावर दोघा भावांच्या सह्या लागतील. तेव्हा भीमराजचा चेहरा उतरला.

गोरक्ष विहिरीवर होता. भाईंचं बोलणं त्याने दोनदा ऐकून घेतलं.

"म्हंजी माझा ऊस पुंजाच्या रानात?"

"कागदावर."

"आन् त्याचा चिखल माझा?"

"कागदावर."

"म्हंजी बावीस वर्सं मी त्याच्या रानात खत टाकतोय!" गोरक्ष आधी हसला, मग त्याचा पारा चढला. "एवडी पांढरी दाडी तुमची, आन् तुमाला एक पूर्व कळंना?" भाईंनी निमूटपणे ऐकलं, ऐकण्यासारखंच होतं. शेवटी तो म्हणाला, "सही दीन. माझ्या उसाचा सवाल हाय. पर पुंजानं तोंडानं म्हनावं, सहीला ये."

पुंजारामकडे गेले तर तो म्हणाला, "त्येनं माझं रान बुडवलं आन् मीच त्येला म्हनू? जमनार न्हाई. गुरवारी छगनला दिऊन टाकतो."

बांधावर येऊन भीमराज मटकन खाली बसला. तीन वर्षं त्याने पुंजारामची मनधरणी केली होती, सीमाला आणि जावयाला समजावलं होतं, फंडाची रक्कम या चिखलापायी बाजूला ठेवली होती. भाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. मग ते उलटपावली दोन्ही घरी गेले आणि दस्तलेखकाच्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, "उद्या सकाळी आठ वाजता दोघांनी मधल्या बांधावर हजर राहायचं. चतुःसीमा जागेवर लिहायची आहे. या वेळेला मी टेबलावरून लिहिणार नाही." सरकारी वाटणाऱ्या आवाजाला माणूस नाही म्हणत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

मंगळवारी दोघं भाऊ आले. एक उसाकडून, एक ओढ्याकडून. भाईंनी त्यांना बांधावर पाठीला पाठ लावून उभं केलं, गोरक्षचं तोंड सूर्याकडे, पुंजारामचं ओढ्याकडे. खात्री करायला स्वतः दोनदा सूर्य पाहिला.

"डोळे मिटा. पुंजाराम, म्होरं काय?"

"ओढा."

"पश्चिमेस ओढा," भाईंनी मोठ्याने म्हणत लिहिलं. "पाठीमागं काय?"

पुंजारामने पायाने बांधावरचं ढेकूळ फोडलं. 

"लवकर बोला. शाई वाळते."

"गोरक्ष," पुंजाराम म्हणाला. अकरा वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव निघालं. "गोरक्षचा ऊस."

"पूर्वेस गोरक्ष यांचा ऊस. आता गोरक्ष, तुझ्या पाठीमागं काय?"

"पुंजाचं चिबड," गोरक्ष म्हणाला आणि थांबला. त्याचे डोळे अजून मिटलेले होते. "माझ्याच पान्यानं झालेलं. लिवा तसं."

तसं लिहिता येत नाही, असं भाई म्हणणार होते, पण त्यांनी जीभ आवरली. पुंजारामने डोळे उघडले होते. अकरा वर्षं त्याला पैसा नको होता, भरपाई नको होती; एवढं एक वाक्य हवं होतं. त्याने नाक शिंकरलं आणि वळून न बघताच म्हणाला, "उंद्याला सहीला ये. धाच्या एसटीनं."

बुधवारी आधी चूकदुरुस्ती झाली, मग खरेदी. चौथ्या पानावर कलम होतं: सदर मिळकतीत सावलीस, पाण्यास अगर पक्षी पाहण्यास येऊन बसलेल्या कोणाही इसमास उठविण्याचा अधिकार लिहून घेणार यांस व त्यांच्या वारसांस राहणार नाही, तसेच उभी झाडे तोडण्याचा व पाणी काढून देण्याचाही राहणार नाही. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, एकदा भाईंकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

"कोर्टात टिकंल का?" बाहेर आल्यावर भीमराजने विचारलं.

"अल्ला जाणे," भाई म्हणाले. "पण शाई चांगली वापरली आहे. आणि पूर्व पूर्वेलाच आहे."

गुरुवारी छगन सहा माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन आला, कारण त्याला निरोप द्यायचं पुंजाराम विसरला होता. भीमराजने त्याला दस्त दाखवला. छगन पुष्कळ बडबडला आणि रागारागाने त्याच आडव्या खोडावर जाऊन बसला, तो बारा वाजेपर्यंत हलला नाही. भीमराजने त्याला पाणी आणून दिलं. ऊठ म्हणायची सोय नव्हती. ते कलम लागू झालेला पहिला इसम म्हणजे छगन ठेकेदार.

भाईंनी जुन्या वह्या उपसल्या. त्या झडीत ओसरीत लिहिलेले दस्त निघाले सतरा. पुंजारामचा सोडून सोळा. आता दर रविवारी ते एकेक रान बघायला जाऊ लागले. लोक हसले, दोघातिघांनी शिव्याही घातल्या; पण भाईंना या फिरण्याची चटकच लागली. विहीर कशी असते, बांध कसा वळतो, आपण नुसतं 'पश्चिमेस टेकडी' म्हणून लिहिलं ती टेकडी केवढी असते, हे सगळं साठीला टेकलेल्या माणसाला नवीन होतं. येताना वाट वाकडी करून ते बाभूळबनात जात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते असेच भीमराजबरोबर बनात शिरले. बुंध्यांवरचे गेरूचे पट्टे फिके पडले होते. खोडाजवळ एक म्हातारी बाई पाय पसरून बसली होती. जवळ कोयता आणि भाकरीचं फडकं. गोरक्षचा ऊस तोडायला आलेल्या टोळीतली असावी. खाकी सदरा आणि पिशवीवाला टोपीवाला माणूस बघून ती दचकली, कोयता उचलला, फडकं काखेत मारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"निगाले, बाबा, निगाले. उनाचं वाईच टेकले हुते."

भीमराज जागच्या जागी थिजला.  तेव्हा भाई पुढे झाले.

"बस, बाई. नाव काय तुझं?"

"चांगुणा."

"चांगुणाबाई, या रानाच्या मालकाला तुला उठवायचा हक्क नाही. मी स्वतः लिहिलं आहे."

तिला ते काही कळलं नाही. मालक कुठे आहे, म्हणून तिने इकडे तिकडे बघितलं, पण उठणारी ती पुन्हा हळूहळू खाली बसली. मग बसल्यावर, समोर माणसं उभी आहेत आणि आपण भाकरी सोडतोय हे बरं दिसत नाही म्हणून, कुणीही म्हणेल तसं म्हणाली, "या, दादा. भाकर खावा."

भीमराज तिच्या शेजारी चिखलातच बसला. तिने फडक्याची गाठ सोडली, भाकरीचा चतकोर मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि त्याच्या हातात दिला. पाण्यात तो चमच्या डावीकडून उजवीकडे चालला होता. भीमराजने पहिला घास तोडला, बराच वेळ चावला, आणि गिळला.